द्वादशीचे पाणी

"हा आपला डोंगर, आणि ही त्याची पाठ," असे म्हणत शितोळेबाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर नकाशा पसरला. वाऱ्याने कोपरे उडू नयेत म्हणून एका बाजूला शाईची दौत ठेवली, दुसऱ्या बाजूला हजेरीपट.

तपकिरी कागदावर रंगीत खडूंनी काढलेला तो नकाशा होता. खाडी निळी, डोंगर हिरवा, माथ्यावरचे कातळपठार, म्हणजे सडा, विटकरी. मी चष्मा पुसून वाकले आणि मला पहिल्यांदा दिसले ते अक्षर. ‘खाडीचे मुख’, ‘कातळवाडी’, ‘खूण’. ‘ख’चा पाय लांबवून त्याला शेवटी किंचित बाक देण्याची ती सवय मोडावी म्हणून मी पाटीवर हात धरून किती संध्याकाळी घालवल्या होत्या. ती मोडली नव्हती. अक्षर शरयूचे होते, माझ्या मुलीचे. एवढा मोठा नकाशा तिने काढला, त्याला चार-पाच दिवस तरी लागले असतील, आणि घरी त्याबद्दल एक शब्द नव्हता.

"सुरेख," धुरी सर म्हणाले. "पण बाई, डोंगराला पाठ असते हे मला आजच कळलं. आम्ही सगळे जन्मभर त्याच्या पोटाशीच बसलो."

"म्हणूनच, सर. पोरांना एकदा मागून दाखवायचाय. माथ्यावर मागून चढलं की आधी समुद्र दिसतो आणि मग आपलं गाव. गाव केवढंसं आहे ते कळतं."

"ते कळलंच पाहिजे असं काही नाही हां," सर म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन हसले.

हा डोंगर आडबंदरच्या खाडीपलीकडे समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा उभा आहे. माथ्यावर पुरुषभर उंचीचा एक दगड आहे, त्याला खूण म्हणतात. समुद्रावरून येणाऱ्या होड्या तो दगड आणि किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस एका रेषेत धरून खाडीत शिरतात. रेषा सुटली तर तळ खडकाला लागतो. दगडावरचा चुना दर पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी पौषात आमच्या शाळेची सातवी डोंगर चढून त्याला नवा चुना देते. ही रीत कोणी घातली कोणास ठाऊक. मी नोकरीला लागले त्या वर्षी सर्वांत तरुण म्हणून मला पाठवले, आणि पुढे चौदा वर्षे मीच नेत राहिले. मासे विकणाऱ्या गाबतिणी मला बाजारात ‘चुन्याच्या बाई’ म्हणून हाक मारीत. माझे यजमान मुंबईला गोदीत होते, गणपतीला आणि मे महिन्यात येत. इंदुमती पेडणेकर या नावाने मला गावात फारसे कोणी ओळखत नसे. चुन्याच्या बाई म्हटले की पोरसुद्धा घर दाखवी.

त्या वर्षी जूनमध्ये कुमुद शितोळे आली. बारामतीकडची, चोवीस वर्षांची, समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिलेली. तिला सातवीचा वर्ग मिळाला, मला पाचवीचा. यात कोणाचाच काही हेतू नव्हता. वेळापत्रक जुळवताना तसे झाले होते आणि सरांनी मला विचारूनच केले होते. मी ‘हो’ म्हटले होते, कारण सातवीबरोबर डोंगरही जाईल हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते.

"तर कार्यक्रम असा," शितोळेबाई बोट नकाशावरून फिरवू लागल्या. "शनिवारी साडेसातच्या एस.टी.नं कातळवाडी. तिथून मागच्या अंगानं चढण. अकरापर्यंत खुणेपाशी. चुना द्यायचा, भाकऱ्या खायच्या, थोडा आराम. दोनला निघून सडा ओलांडायचा, तोच दोन मैल आहे. मग पुढचा उतार. सव्वापाचला खाडीच्या मुखाशी, आणि पुळणीवरून चालत अलीकडे. साडेपाचला सगळे शाळेत."

"पण शितोळेबाई," सर म्हणाले, "तुमच्याकडे पाणी विहिरीत असतं, आणि उन्हाळ्यात तिथंही नसतं. आमचं पाणी दिवसातून दोनदा येऊन हजेरी लावून जातं. सव्वापाचला ते कुठं असेल?"

"बघितलंय, सर. पोरांनीच बघितलंय."

सर माझ्याकडे वळले. "पेडणेकरबाई, तुम्ही सांगा. चौदा वर्षं नेताय तुम्ही."

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. मी पदराआड बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. शनिवारी द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती, म्हणजे सव्वातीनला पुरती ओहोटी, आणि त्यानंतर पाणी पुन्हा चढायला लागणार. मुखाशी वाळूचा जो बांध आहे, ज्याला आम्ही पुळण म्हणतो, तिच्यावरून चालता येते ते ओहोटीच्या आगेमागे दीड तास. पावणेपाच फार झाले. मी कधीच इतक्या उशिरा परतीची वेळ ठेवली नव्हती. सव्वापाचला तिथे कमरेइतके पाणी असणार होते, आणि आत येणाऱ्या पाण्याला ओढ असते.

हे सगळे करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात शितोळेबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही ऐट नव्हती. परीक्षेचा पेपर देऊन समोर उभ्या राहिलेल्या मुलीसारखे ते बघणे होते.

"नीट आखलंय," मी म्हणाले. "मला काही वावगं दिसत नाही."

"तुम्हीही चला ना, बाई," त्या लगेच म्हणाल्या. "तुम्ही असलात की मला धीर येईल."

"यंदा नाही जमणार. गुडघा धरलाय."

गुडघ्याला काही झालेले नव्हते.

*

त्या संध्याकाळी शरयू पाटावर बसून चुन्याचा कुंचा बांधत होती. नारळाच्या सोडणाचे तंतू कुटून मी जसा बांधत असे तसाच, पण गाठ वेगळी होती. केसांच्या दोन वेण्या वर वळवून तिने कानामागे रिबिनी लावल्या होत्या. दिवाळीपर्यंत ती एकच वेणी घालीत असे, आणि ती मी घालून देत असे.

"नकाशा तू काढलास?" मी विचारले.

तिने चमकून वर पाहिले. "शितोळेबाईंनी दाखवला? कसा झालाय?"

"मला सांगितलं नाहीस ते."

"तुला आवडलं नसतं."

"का नाही आवडणार?"

ती गाठ आवळत राहिली. तेरा वर्षांची मुलगी उत्तर द्यायचे नसले म्हणजे हातातले काम फार मन लावून करते. थोड्या वेळाने म्हणाली, "तू वर्गात काही विचारतेस ना, तेव्हा उत्तर तुला आधीच माहीत असतं. शितोळेबाईंना नसतं. त्या खरंच विचारतात. म्हणजे, ‘शरयू, हे पाणी कुठवर येतं गं?’ असं. मग आम्हालाही बघावंसं वाटतं. आई, आम्ही खाडीवर ना, एक काठी—"

"पुरे झालं शितोळेबाईंचं कौतुक. पानं घे."

"मी काठीचं सांगत होते."

"पानं घे म्हटलं ना!"

तिने पाने घेतली. पावसाळा संपल्यापासून मी खाडीच्या मुखाकडे एकदाही गेले नव्हते. शाळा सुटल्यावर सातवीची पोरे तिकडे धावत जात आणि त्यांच्यामध्ये गुडघ्यापर्यंत साडी खोचलेल्या शितोळेबाई असत. लांबून एकदा पाहिले तेवढे पुरे झाले होते. शरयूने तेव्हा त्यांचा हात धरलेला होता, पाण्यात पाय घसरू नये म्हणून. कोण कोणाला सावरत होते ते लांबून कळत नव्हते.

*

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी बाबली कोयंड्याच्या घरी गेले. तो अंगणात जाळे शिवत बसला होता. त्याचा धाकटा मुलगा माझ्याच हाताखाली शिकून गेलेला.

"काय वो बाई, आज वाट चुकलास?"

"बाबली, उद्या पाच वाजता होडी घेऊन मुखाशी ये. जरा थांबावं लागेल."

"येतंय. पण कोणाक न्हेवचा आसा?"

"ते उद्या सांगते."

"पावणे येतत काय मुंबयसून?" त्याने डोळा बारीक केला. "धनी येतत?"

"तू ये म्हणजे झालं."

"येतंय, येतंय. चुन्याच्या बाईंक नाय म्हणान कसा चलात?"

परत येताना मला हलके वाटत होते. मी कोणाचे वाईट करीत नव्हते. वाईट होऊ नये म्हणून होडीची तजवीज करीत होते, आणि ती करणारी गावात एकटी मीच होते. असे मी स्वतःला सांगितले, आणि ते मला पटले. शनिवारी सकाळी शरयू साडेसातच्या एस.टी.त बसली तेव्हा मी तिच्या डब्यात एक भाकरी जास्त घातली. गाडीच्या खिडकीतून तिने हात हलवला. शितोळेबाईंनी तर दारात उभे राहून, अर्धे अंग बाहेर काढून हात हलवला, आणि कंडक्टर त्यांच्यावर ओरडला तशा हसत आत गेल्या.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. मी पाचवीचे शुद्धलेखन तपासले आणि एका मुलाच्या बरोबर शब्दावर लाल रेघ मारली. दुपारी घरी आले, दोन घास खाल्ले आणि खिडकीशी बसले. तिथून डोंगर दिसतो. एकच्या सुमाराला माथ्यावरचा दगड पांढरा झालेला दिसला. दरवर्षी तो मी जवळून पाहत असे, ओल्या चुन्याचा वास घेत. लांबून तो इतका लख्ख दिसतो हे मला माहीत नव्हते.

मग मी पुढचे मनात रचू लागले. सव्वापाच वाजले आहेत. पलीकडच्या काठावर तीस पोरे पाण्याकडे बघत उभी आहेत. शितोळेबाई एकदा पाण्याकडे बघतात, एकदा नकाशाकडे. शेवटची एस.टी. कातळवाडीहून केव्हाच सुटलेली. कोणी रडायला लागते. आणि मग अलीकडून होडी येते, तिच्यात मी उभी. मी काही बोलत नाही. दहा-दहा पोरे घेऊन तीन खेपा करते. शरयूला मी तिसऱ्या खेपेला घेणार होते. तिने तोपर्यंत काठावर उभे राहून सगळे नीट बघावे, असे मी ठरवले होते.

*

पाचला दहा मिनिटे कमी असताना मी मुखाशी पोचले. बाबली होडी ओढून वाळूवर ठेवून, वल्ह्यावर हनुवटी टेकून विडी ओढत होता. ऊन तिरपे झाले होते. मी पुळणीकडे पाहिले आणि मला काही कळेना. जिथे पाणी असायला हवे होते तिथे रुंद, ओली, सपाट वाळू होती. तिच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत होता. मधोमध एक बांबूची काठी रोवलेली होती, तिच्यावर रंगाचे पट्टे होते आणि पाणी सर्वांत खालच्या पट्ट्याशीही पोचलेले नव्हते.

"बाबली, हे काय?"

"काय?"

"पाणी कुठं आहे?"

"येताहा मगे हळूहळू." तो उठून उभा राहिला. "बाई, तुमचे पावणे खय? आनि होडी कित्याक व्हयी तुमका हय?"

"पोरं यायची आहेत डोंगरावरून. सव्वापाचला. मला वाटलं, पाणी कमरेइतकं चढेल आणि अडकतील."

तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग मोठ्याने हसला. "अडाकतली? बाई, ह्या वर्सा पुळण केवढी भरली! पावसात सगळी रेव हय येवन पडली. सा वाजले तरी पोरां चलत येतली. तुमी बघूक नाय?"

मी पाहिले नव्हते. पुळण पावसात जागा बदलते, कधी वाहून जाते, कधी भरते, हे आडबंदरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच डोंगराचा दिवस ठरवण्याआधी मी दरवर्षी एकदा खाडीवर येऊन बघून जात असे. माझ्या पाऊणपटीत चूक नव्हती. नऊला भरती होती, सव्वातीनला ओहोटी होती. फक्त ज्या वाळूवरून चालायचे ती वाळू मी या वर्षी पाहिली नव्हती.

"बरं, तू जा," मी घाईने म्हणाले. "होडी नको आता."

"इलंय तसो थांबतंय जरा. पोरां बघतंय."

"नको. जा म्हणते ना."

"अशी काय करतास, बाई? माझो नातू पन आसा त्येंच्यात."

तेवढ्यात पलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांतून गलका ऐकू आला आणि पोरे उताराने धावत खाली आली. हातापायांना, तोंडांना चुना लागलेला. ती पुळणीवर शिरली आणि पाणी उडवत, एकमेकांना ढकलत आमच्याकडे येऊ लागली. पाणी त्यांच्या घोट्यांशी होते. सर्वांत मागे शितोळेबाई होत्या. एका लंगडणाऱ्या मुलाची पिशवी त्यांच्या खांद्यावर होती आणि दुसऱ्या बाजूला शरयू, तिच्या हातात रिकामा चुन्याचा डबा. काठीपाशी दोघी थांबल्या. शरयूने वाकून पट्टा पाहिला, काहीतरी ओरडून सांगितले, आणि शितोळेबाईंनी कमरेची वही काढून लिहून घेतले.

मी तिथून निघून जाऊ शकले असते. पाय उचलला नाही एवढेच खरे.

"बाई!" शितोळेबाईंनी लांबूनच हाक मारली. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "तुम्ही आलात! गुडघा दुखत असताना कशाला आलात एवढ्या लांब? आणि ही होडी कोणाची?"

मी तोंड उघडायच्या आत बाबली बोलला. त्याच्या मनात माझे कौतुकच होते. "बाईंनी कालच सांगान ठेयलेली. त्येंका वाटला, सवापाचाक पानी चढात आनि पोरां अडाकतली. केवढी काळजी, बघा!"

"आमच्यासाठी?" शितोळेबाई म्हणाल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "बाई, खरंच तुम्ही—"

आणि त्या थांबल्या. हात सोडला नाही, पण त्यांच्या बोटांतले बळ गेल्याचे मला कळले.

शरयू आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी होती. ती हिशेबाला पक्की आहे, लहानपणापासून. तिने बाबलीकडे पाहिले, होडीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"आई," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे तुला कालच वाटलं होतं की आम्ही—"

"मीच सांगितली होती होडी," शितोळेबाई म्हणाल्या.

शरयूने वळून त्यांच्याकडे पाहिले.

"मीच म्हटलं होतं तुझ्या आईला, कोणाची मिळाली एवढंच माहीत नव्हतं. आपण काठीवरून मोजलंय खरं, पण मी पडले घाटावरची. चुकलंबिकलं तर हाताशी होडी असावी. नाही का, बाई?"

सगळी पोरे आमच्याकडे बघत होती. मी मान हलवली.

"जा आता सगळ्यांना घेऊन पुढं," त्या शरयूला म्हणाल्या. "नळावर चुना नीट धुवा म्हणावं, डोळ्यांत जाऊ देऊ नका. बाबलीकाका, तुमचा नातू लंगडतोय, त्याला होडीतनंच न्या घरापर्यंत."

पोरे गेली. बाबली नातवाला घेऊन गेला. पुळणीवर आम्ही दोघीच राहिलो. मागे पाणी चढत होते. काठीचा खालचा पट्टा आता ओला झाला होता. शितोळेबाईंनी साडीचा खोचा सोडला, निऱ्या पिळल्या आणि माझ्याकडे न बघता विचारले,

"तुमच्या हिशेबानं आत्ता पाणी किती असायला हवं होतं?"

"कमरेइतकं."

"माझ्या कमरेइतकं, की पोरांच्या?"

मी काठीकडे पाहिले.

"मला पोहता येत नाही, बाई. आणि पाण्याला ओढ असते हे मला माहीत नाही, असं तुम्ही धरून चाललात. खरंच नव्हतं माहीत जूनपर्यंत. मी थांबले असते असं वाटलं तुम्हाला? अंधार पडायला आलेला, पोरं दमलेली, समोर गाव दिसतंय. मी म्हटलं असतं, कमरेइतकंच तर आहे, एकमेकांचे हात धरा." त्यांचा आवाज चढला नव्हता. थंडीने कापावा तसा तो कापत होता. "पुढं मी असते. माझ्यामागं शरयू. ती नेहमी माझ्यामागंच चालते."

होडीत उभी असलेली मी, रडणारी पोरे, तीन खेपा, असे जे चित्र मी दुपारभर रंगवले होते त्यात कोणी पाण्यात उतरत नव्हते. सगळी जण काठावर माझी वाट बघत उभी होती. आपण किती वेळ वाट बघतो आणि केव्हा पाऊल टाकतो हे त्यांनी ठरवायचे होते, याचा मी विचारच केला नव्हता. की केला होता? चौदा वर्षे मी त्या पाण्यावरून पोरे नेली होती. ओढ कशी असते ते मला ठाऊक होते. इतक्या वर्षांनीही मी त्या दुपारच्या खिडकीशी पुन्हापुन्हा जाऊन बसते आणि मला नक्की सांगता येत नाही.

"मला एकदा म्हणायचंत," शितोळेबाई म्हणाल्या. "सरांसमोर नाही, तर बाहेर व्हरांड्यात. ‘कुमुद, चुकतेयस’ एवढंच. मी तुमच्याचकडं बघत होते."

"हो," मी म्हणाले. "बघत होतीस."

त्यांच्याशी मी पहिल्यांदाच एकेरीत बोलले होते. त्यांनी ते ऐकले की नाही, कळले नाही. पिशवी खांद्यावर घेऊन त्या चालू लागल्या होत्या. थोडे अंतर गेल्यावर थांबल्या, कारण मी हललेच नव्हते.

"चला, बाई. पाणी येतंय."

*

माणसाने असे काही केले की त्याच्या मनातला मत्सर तिथेच निवतो, असे वाटते. तसे होत नाही. सोमवारी शितोळेबाई शिक्षकखोलीत आल्या, माझ्यासमोर बसल्या, नेहमीसारखा माझ्यासाठी कपात चहा ओतला, आणि मला त्यांचा पूर्वीपेक्षा अधिक मत्सर वाटला. मला जे जमले नव्हते ते त्यांनी पुळणीवर एका श्वासात केले होते, तेही ज्या मुलीवर आम्हा दोघींचा जीव होता तिच्या देखत, आणि त्यानंतर त्या दोन वर्षे आमच्या शाळेत होत्या तोवर कधीही, कोणापाशीही त्याचा उच्चार केला नाही. एक तरी टोमणा मारला असता तर मला सोपे गेले असते.

पण हे पुढचे. मला सांगायचे आहे ते त्याच शनिवारचे, दिवेलागणीचे. शरयू न्हाणीघराच्या दगडावर बसून घमेल्यात पाय सोडून होती. मी तिच्या टाचांना खोबरेल चोळत होते. एरवी तिने पाय ओढून घेतला असता, पण दमली होती.

"आई, शितोळेबाई किती पुढचा विचार करतात ना? होडीसुद्धा सांगून ठेवली."

"हो."

"आम्हाला कोणाला बोलल्या नाहीत. तुला कधी सांगितलं त्यांनी?"

मी तेलाची बुधली खाली ठेवली. तिचा चेहरा दिव्याच्या उजेडात होता. भुवईवर चुन्याचा एक ठिपका राहून गेला होता. तिने सहज विचारले होते. तिच्या मनात आता काही नव्हते, आणि मी हो-नाही करून सोडले असते तरी तिने पुन्हा विचारले नसते.

"शुक्रवारी," मी म्हणाले. "मधल्या सुट्टीत."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बाई, मी सगळं मोजलंय, पोरांनीही मोजलंय. पण हे पाणी तुमचं आहे. तुम्ही एवढं बघा."

"असं म्हणाल्या?" शरयूचा चेहरा उजळला. तिने पाय घमेल्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवला. "बघ. आणि तू उगाच त्यांच्यावर रागावतेस."

"हो ना," मी म्हणाले, आणि दुसऱ्या टाचेला तेल लावायला घेतले.